शरीराची स्मरणशक्ती

आमच्या काशीदच्या घरात शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीविषयी दोन ठाम मते बरीच वर्षे नांदत होती. पहिले मत आजीचे. तिच्या डाव्या दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीचे दोन वाटोळे वण आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये साठ वर्षांवरील माणसांना करोनाची लस मिळू लागली आणि आशाताई आमच्याकडे नाव लिहून घ्यायला आल्या, तेव्हा आजीने पदर सारून त्यांना ते वण दाखविले आणि म्हणाली, "मना दोन-दोन टोचलेली हायेत, मना काय व्हनार?" दुसरे मत काकाचे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात वाडीच्या गडग्याशी त्याला फुरसे चावले. इस्पितळात त्याला प्रतिविषाच्या दहा बाटल्या द्याव्या लागल्या. तेव्हापासून काका तिन्हीसांजेला अनवाणी पायाने वाडीत फिरतो आणि कोणी हटकले तर हसून सांगतो, "दहा बाटल्या भरल्यात माझ्यात. आता फुरसंच मरेल."

आजीची समजूत अशी की, एकदा टोचले म्हणजे सर्व रोगांपासून मोकळे झालो. काकाची समजूत अशी की, एकदा मिळालेले संरक्षण कायमचे. दोघेही आपापल्या जागी खरे वाटतात. दोघेही चुकलेले आहेत. मात्र त्यांच्या चुका निरनिराळ्या आहेत. त्या वेळी मला त्यांतील एकाचीही चूक सांगता आली नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, असे मी समजत होते. परंतु घरातल्या या दोन मतांनी पिच्छा सोडला नाही. म्हणून गेले वर्षभर सवडीने जे वाचले, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. यात चरकसंहितेतील 'व्याधिक्षमत्व' या सुंदर शब्दाचा मोह आवरून नेहमीचेच शब्द वापरले आहेत.

प्रथम साधी गोष्ट घेऊ. काशीदच्या वाळूवर अनवाणी चालताना पायात सुरूचे वाळके बोंड किंवा शिंपल्याची धारदार कड रुतते. आपली कातडी हा शरीराचा पहिला तट. तो तेवढ्या जागी फुटतो आणि त्या वाटेने जंतू आत शिरतात. तासाभरात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. आपण म्हणतो, पाय दुखावला. वास्तविक, ही सारी शरीराने चालविलेली धावपळ असते. जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते आणि त्याबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेर येऊन जंतूंना चक्क गिळू लागतात. दोन दिवसांनी जो पू येतो, तो बव्हंशी या लढाईत मेलेल्या पेशींचा असतो. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. हे अवधाण म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी. तिचे काम पुढे येईलच.

पेशी जंतूंना गिळतात, हे कोणाच्या लक्षात आले त्याची हकीकत समुद्रकाठीच घडलेली आहे. १८८२ साली एल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावर मेसिना येथे राहत होते. ओहोटीनंतर आपल्या किनाऱ्यावर कधीमधी जो तारामासा सापडतो, त्याच्या जातीतील प्राण्यांची पिल्ले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ही पिल्ले पाण्यासारखी पारदर्शक असल्याने त्यांच्या पोटातले सर्व काही दिसते. एके दिवशी घरातील मंडळी सर्कस पाहायला गेली असता मेचनिकॉव्हांच्या मनात आले की, फिरणाऱ्या या पेशी शरीराचे रक्षण करीत असतील, तर शरीरात काटा खुपसला असता त्या त्याच्याभोवती जमावयास हव्यात. त्यांनी बागेतल्या झाडाचे बारीक काटे आणून पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! पुढे १९०८ साली पाउल एर्लिक यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉव्ह पूर्वी ओडेसा येथे शिकवीत असत. तेथील त्यांच्या एका विद्यार्थ्याचे नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईच्या परळमधील संस्थेमुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. त्यांच्याकडे आपण पुन्हा वळू.

भक्षक पेशींचे हे पहिले दल शूर खरे, पण विसराळू. आज काटा रुतला काय आणि दहा वर्षांनी रुतला काय, त्यांची लढण्याची तऱ्हा बहुतेक तीच. पुष्कळ जंतू तिला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरे दल आहे आणि या लेखाचा खरा विषय तेच आहे. ते दल लसीका पेशींचे. त्यांचे मुख्य प्रकार दोन, बी पेशी आणि टी पेशी. बी पेशी प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करतात. ती रक्तात फिरतात आणि जंतूच्या किंवा त्याच्या विषाच्या ठराविक भागाला नेमकी जाऊन चिकटतात, कुलपाला किल्ली बसावी तशी. टी पेशींपैकी काही इतर पेशींना हुकूम देतात आणि काही, विषाणूने आतून व्यापलेल्या आपल्याच पेशी शोधून नष्ट करतात. भक्षक पेशी गिळलेल्या जंतूचे तुकडे लसीका ग्रंथीत घेऊन येतात आणि तेथे जणू ओळखपरेड होते. हे कुलूप कोणाच्या किल्लीचे? ज्या थोड्या पेशींची किल्ली बसते, त्यांना कामाचा हुकूम मिळतो आणि त्या भराभर वाढू लागतात. जांघेतली गाठ सुजते ती या गर्दीमुळे. एका पेशीच्या हजारो होण्यास काही दिवस लागतात. म्हणून नव्या रोगात आपण आठवडाभर अंथरुणाला खिळतो.

येथे कोणाही विचारी माणसाला प्रश्न पडेल. जगात जंतू अगणित. त्या प्रत्येकाची किल्ली शरीरात आधीपासून असते, असे मानावयाचे? उत्तर होय, असेच आहे. ते कसे शक्य होते, हे सुसुमू तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने उलगडले व त्याबद्दल १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्याचे मर्म भाषेच्या विद्यार्थ्यांना चटकन कळेल. आपल्या वर्णमालेत अक्षरे मोजकी, पण त्यांच्या जुळणीतून शब्द किती होतात! प्रत्येक बी पेशी घडताना तिच्यातील जनुकांचे काही तुकडे निवडून, कापून, नव्याने जोडले जातात. प्रत्येक पेशीचा शब्द वेगळा. त्यातले बहुसंख्य शब्द जन्मभर कोणी उच्चारीत नाही. एखादाच, योग्य जंतू भेटल्यावर, कामी येतो. अशा यादृच्छिक जुळणीत आपल्याच शरीराविरुद्ध जाणारे शब्दही तयार होणारच. त्यांची छाननी बी पेशींच्या बाबतीत मुख्यतः हाडांच्या मगजात आणि टी पेशींच्या बाबतीत छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते. थायमसची परीक्षा कडक आहे. तेथे शिरलेल्या पेशींपैकी फारच थोड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात, बाकीच्या तेथेच संपतात. आमच्या विद्यापीठाचे निकाल त्या मानाने पुष्कळच दयाळू म्हणायचे.

लढाई संपली की या वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात. थोड्या मात्र मागे राहतात आणि वर्षानुवर्षे जगतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या ओळखतात आणि पहिल्या खेपेस जे काम आठवड्यावर गेले, ते पुष्कळ लवकर व पुष्कळ जोमाने उरकतात. अनेकदा आपण आजारी पडणार होतो, हे आपल्याला कळतही नाही. ही स्मृती किती टिकते? स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात फेरो बेटे आहेत. वस्ती आमच्यासारखीच, मासेमारीवर जगणारी. १७८१ साली तेथे गोवराची साथ आली. त्यानंतर गोवर बेटांवर फिरकलाच नाही. १८४६ साली तो पुन्हा आला आणि लहानथोर सगळे आजारी पडले. पेटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तेथे पाठविला गेला. त्याने पाहिले की, १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांत एकदाही गोवर न भेटता त्यांचे शरीर त्याला विसरले नव्हते. उलट, १७८१ च्या साथीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांना मात्र या वेळी गोवराने गाठले. म्हणजे वय नव्हे, ओळख महत्त्वाची.

आता आजीच्या वणांकडे येतो.

काशीदहून अलिबागेकडे जाताना बोर्ली, कोर्लई मागे टाकून आपण रेवदंड्याच्या खाडीवरील पूल ओलांडतो. पुढे लगेच चौल लागते. चौलचे शीतळादेवीचे देऊळ आमच्या भागात प्रसिद्ध आहे. जुन्या काळी घरात मुलाला देवी आल्या की रोगाचे नाव न घेता देवीचेच नाव घ्यावयाचे, दाराशी कडुलिंब बांधावयाचा, फोडणीचा वास होऊ द्यावयाचा नाही आणि बरे वाटल्यावर शीतळादेवीची ओटी भरावयाची, अशी रीत होती. हसण्यासारखे त्यात काही नाही. ज्या रोगाला औषध नव्हते, जो मारीत असे किंवा तोंडावर व्रण आणि कधी डोळ्यांत फूल ठेवून जात असे, त्याच्यापुढे माणूस आणखी काय करणार? पण एक गोष्ट त्या काळीही सर्वांना माहीत होती की, देवी एकदा येऊन गेल्या म्हणजे पुन्हा येत नाहीत. म्हणून देवीच्या रोग्याजवळ बसावयाचे ते आधी देवी येऊन गेलेल्या माणसाने. शरीराची स्मरणशक्ती अशी व्यवहारात वापरली जात होती, तिला नाव नव्हते इतकेच.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने या स्मरणशक्तीला फसविण्याची युक्ती काढली. गाईच्या सडावर येणाऱ्या फोडांचा संसर्ग दूध काढणाऱ्या बायांच्या हातांना होई आणि अशा बायांना पुढे देवी येत नसत. १७९६ च्या मे महिन्यात त्याने अशा एका बाईच्या हातावरील फोडातील लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे देवीची लागण करून पाहिली तेव्हा मुलाला काही झाले नाही. (आजच्या काळात असा प्रयोग कोणी केला तर त्याला तुरुंगात जावे लागेल, हेही नमूद करणे भाग आहे.) गाईच्या फोडांचा विषाणू आणि देवीचा विषाणू ही भावंडे. तोंडवळा इतका सारखा की, एकाला पाहिलेले शरीर दुसऱ्याला ओळखते.

ही लस हिंदुस्थानात कशी पोहोचली, ते वाचताना मला विशेष मौज वाटली. त्या वेळी बर्फाची पेटी नव्हती आणि उन्हाळ्यात लस निकामी होई. मग तिला जिवंत माणसांच्या दंडांवरूनच आणावे लागे. एकाला टोचावयाचे, आठवड्याने त्याच्या फोडातून दुसऱ्याला, त्याच्याकडून तिसऱ्याला. अशा रीतीने युरोपातून निघालेली लस बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी ती ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात देवीची लस यशस्वीपणे टोचली गेलेली ही पहिली व्यक्ती. पुढे देशात इतरत्र गेलेली लस तिच्याच दंडावरून निघाली. बसऱ्याहून आमच्या किनाऱ्यास खजूर येत, घोडे येत. त्याच समुद्रातून हा ऐवज आला.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षे टोचणी चालली. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रोगी १९७५ च्या मे महिन्यात बिहारात आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जगातून देवी नष्ट झाल्याचे जाहीर केले. आजीच्या दंडावरचे वण म्हणजे या मोहिमेची पावती. तिच्या शरीरात देवीची ओळख अजून शाबूत असण्याचा संभव पुष्कळ आहे, कारण टोचणी झाल्यावर अनेक दशकांनंतरही माणसांच्या रक्तात तिच्या खुणा सापडल्या आहेत. पण ती ओळख देवीची! करोनाचा विषाणू देवीचा ना भाऊ ना सोयरा. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला बसत नाही. आशाताईंनी त्या दिवशी हे एका वाक्यात सांगितले होते, "आजी, हे वण देवीला ओळखतात, करोनाला त्यांनी कुठं पाहिलंय?" आजी गप्प झाली. ती पटल्यामुळे की निरुत्तर झाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. पण आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाने किनारा झोडपला. टाळेबंदीतच लोकांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीने बसण्याची वेळ आली होती. तेव्हापासून या रोगाची धास्ती तिच्या मनात होतीच. चौथ्या दिवशी ती स्वतःहून नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून केंद्रावर गेली.

लस घ्यावी की घेऊ नये, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. प्लेगची गाठ जांघेत किंवा काखेत येते. वर ज्या लसीका ग्रंथीचा उल्लेख केला तीच ती, जंतूंनी उलट आपल्या ताब्यात घेतलेली. हाफकिन त्या वेळी भारतातच होते. १८९२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचली होती आणि १८९३ पासून ते या देशात ती टोचीत फिरत होते. सरकारने त्यांना मुंबईस बोलाविले. भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी बोकडाच्या मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढविले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे त्यांना धरून जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढतात. मग उष्णता देऊन ते सर्व मारून टाकले. मेलेला जंतू रोग देत नाही, पण त्याचा तोंडवळा शाबूत असतो, आणि शरीराला ओळख पटविण्यास तेवढे पुरते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस स्वतःला टोचून घेतली, ताप काढला आणि मगच ती दुसऱ्यांना दिली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस टोचण्यात आली. टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा पुष्कळच कमी दिसून आले. याच प्लेगात १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना गेल्या. याच प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वातावरणात, घरात घुसून रोगी ओढून नेणाऱ्या सरकारच्या हातून लोकांनी सुई टोचून घ्यावयाची होती. लोक बिचकले, यात अडाणीपणा किती आणि अनुभव किती, याचा विचार इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी करावा.

त्यात १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबमधील मुल्कोवाल गावी एका बाटलीतून लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिनवर ठपका आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना हाताळणीत झालेल्या चुकीने धनुर्वाताचे जंतू आत गेले असावेत, हे पुढे स्पष्ट होत गेले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परंतु मधली वर्षे गेली ती गेलीच. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. लस ही विचाराने उत्तम असली तरी बाटली, सुई आणि ती धरणारा हात यांवर तिचे भवितव्य अवलंबून असते.

याच परळच्या संस्थेशी माझ्या काकाचाही एक धागा जुळतो. सापाच्या विषावरील प्रतिविष तयार करण्यात या संस्थेने मोठे काम केले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषाची अगदी थोडी मात्रा घोड्याला टोचतात व ती हळूहळू वाढवीत नेतात. घोड्याचे शरीर त्या विषाची ओळख करून घेते आणि प्रतिपिंडे बनविते. मग घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातील प्रतिपिंडे वेगळी करतात व बाटलीत भरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची १९६६ मधील सुरुवातही घोड्यांपासूनच झाली. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता आणि शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे सीरमसाठी हाफकिन संस्थेकडे जात. त्यातूनच आपणच हे का करू नये, असा विचार निघाला. आजीला २०२१ मध्ये टोचलेली लस याच कारखान्यात झालेली. म्हणजे घरातल्या दोन्ही मतांचा उगम एका तबेल्याशी जाऊन भिडतो!

फुरसे लहानसे, वीतभर-दीड वीतभर, पण चिडले म्हणजे अंगाची वेटोळी घासून करकर आवाज करते. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते. इस्पितळात काकाचे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवले. निरोगी माणसाचे रक्त तेवढ्यात घट्ट होते. काकाचे पाण्यासारखे वाहिले. बाटल्या चढविल्यावर काही तासांनी ते गोठू लागले. मध्येच त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि निराळे इंजेक्शन द्यावे लागले. ही प्रतिक्रिया सापाच्या विषाची नव्हती, घोड्याच्या प्रथिनांची होती. काकाच्या शरीराने मदतीला आलेल्यालाच परका ठरविले.

विद्यार्थ्यांना समजेल असे सांगावयाचे तर, अभ्यास केला घोड्याने. काकाने परीक्षेच्या दिवशी त्याची वही उसनी आणली. वहीने वेळ निभावली, परंतु काकाच्या डोक्यात काही शिरले नाही. ही उसनी प्रतिपिंडे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत शरीरातून नाहीशी होतात. स्मृतिपेशी मागे राहत नाहीत. स्वतःच्या शरीराने विषाची थोडीफार ओळख केली असेल म्हणावे, तर तीही कामाची नाही. विष तासांत काम करते, स्मृतिपेशी जाग्या होऊन प्रतिपिंडे वाढविण्यास दिवस घेतात. आज काकाला पुन्हा फुरसे चावले तर तो पहिल्याइतकाच उघडा आहे. उलट, घोड्याची प्रथिने मात्र शरीराने ध्यानात ठेवली असण्याची शक्यता आहे. आमच्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांवर आयुष्यभर काम केले. लाल विंचवाच्या विषावर त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्याला घोड्यापासून मिळणाऱ्या प्रतिविषाची जोड दिली असता रोगी लवकर सावरतो, हे त्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उसनवारीला कमी लेखू नये. वेळेवर मिळालेली उसनवारी जीव वाचविते. ती आपली मिळकत समजू नये, एवढेच.

आपण सर्वांनी आयुष्याची सुरुवात अशा उसनवारीवरच केलेली आहे. गर्भात असताना आईची प्रतिपिंडे नाळेतून मुलाला मिळतात आणि जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर, घट्ट चिकातून आणखी मिळतात. हा चीक 'जड पडतो' म्हणून पिळून टाकण्याची चाल काही घरांतून होती, क्वचित अजूनही आहे. तो टाकणे म्हणजे बाळाच्या हातची ढाल काढून घेणे होय. गाईचे तर याहून कठीण. तिच्या नाळेतून वासराला प्रतिपिंडे मिळतच नाहीत. जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तरच ती मिळतात. खरवस मलाही फार आवडतो, पण हे वाचल्यापासून वासरू पिऊन झाले का, हे विचारल्याशिवाय वाटी हातात घेववत नाही.

शरीर विसरत नाही असे मी वर म्हटले, त्याला काही अपवाद सांगितले पाहिजेत. धनुर्वात होऊन गेलेल्या माणसालाही त्याची लस घ्यावीच लागते, कारण ते विष इतक्या अल्प मात्रेत मारते की शरीराला ओळख पटण्याइतकेही ते नसते. सर्दी-तापाचे विषाणू दर हंगामात चेहरा बदलून येतात, करोनानेही तेच केले. म्हणून आजीला पुढे आणखी डोस घ्यावे लागले. गोवराचा अपराध याहून मोठा आहे. 'गोवर काय, सर्वांनाच होतो,' असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच मारतो. मूल गोवरातून उठते ते पूर्वी कमावलेल्या इतर रोगांच्या ओळखीपैकी पुष्कळशी पुसून! पुढची दोन-तीन वर्षे त्याला निमोनिया, हगवण यांचा धोका अधिक राहतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ येऊन मुले दगावली, त्यांतील अनेकांना लस मिळालेली नव्हती. ज्या बाटलीची किंमत आपण फुकट म्हणून विसरतो, ती मुलाची सारी वही वाचवीत असते.

या शक्तीचे दोषही आहेत. परागकणांना शत्रू समजून ती दमा आणते, स्वतःच्याच सांध्यांवर उलटून आमवातासारखा आजार देते, आणि एच.आय.व्ही. तर हुकूम देणाऱ्या टी पेशींनाच मारतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि माझा अधिकार तेवढा नाही.

हा मजकूर दिवाळीच्या सुट्टीत लिहून झाल्यावर मी घरी वाचून दाखविला. आजीने स्वतःचा भाग दोनदा वाचावयास लावला आणि आशाताईंचे वाक्य आपणच म्हटल्याचे लिही, असा आग्रह धरला. काका वहीच्या उदाहरणावर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्या घोड्याला फुरसं चावलं तर त्याला काही होनार नाय, आन मना होनार?" मी म्हटले, जवळजवळ तसेच. त्यावर तो घोड्याविषयी काहीतरी पुटपुटला, ते छापण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो वाडीत निघाला, तेव्हा त्याच्या हातात बॅटरी होती. पायांत मात्र अजून काही नव्हते.